चाळिशीत कळलेला जन्मदोष

(स्मृती व्याख्यानमालेतील व्याख्यानाचा मुद्रित मजकूर)



ज्यांच्या स्मरणार्थ ही व्याख्यानमाला चालते ते गुरुजी शाळेत कवायत शिकवत. म्हणूनच असेल, संयोजकांनी मला 'हृदयाची काळजी' असा विषय सुचवला होता. त्यावर आपण रोज वर्तमानपत्रांत वाचता. तेल कोणतं खावं आणि किती पावलं चालावं, याची उत्तरं हल्ली सोसायटीच्या बाकावरही माझ्यापेक्षा जास्त खात्रीनं मिळतात. म्हणून मी विषय बदलून घेतला. काही माणसं जन्मतःच वेगळ्या घडणीचं हृदय घेऊन येतात. शाळेत जातात, लग्न करतात, त्यांना मुलं होतात, पेन्शनचे कागद भरायची वेळ येते आणि मग एके दिवशी कुणी डॉक्टर सांगतो, तुमच्या हृदयात दोष आहे आणि तो जन्मापासून आहे. या माणसांबद्दल मी आज बोलणार आहे.

हजार जिवंत जन्मांमागे आठ-नऊ बाळांच्या हृदयात काही ना काही जन्मजात दोष असतो, असा जगभरचा अंदाज आहे. आपल्या देशातल्या जन्मांना तो लावला तर वर्षाचा आकडा दोन लाखांच्या घरात जातो. त्यातले काही दोष इतके किरकोळ की ते आपोआप बुजतात. काही इतके गंभीर की पहिल्या आठवड्यातच जीव पणाला लागतो. या दोन टोकांच्या मधली माणसं मोठी होतात. एक गोष्ट आत्ताच सांगून टाकतो, कारण पुढचं सगळं बोलणं तिच्याभोवती फिरणार आहे. तीस-चाळीस वर्षं काढलेल्या शरीरानं त्या दोषाशी तडजोड केलेली असते. तपासणीत दोष दिसतो, तडजोड दिसत नाही, आणि उपचार करायचे असतात ते दोन्ही लक्षात घेऊन. पाच वर्षांच्या मुलातलं जे छिद्र बंद केलं की काम फत्ते झालं, तेच छिद्र पस्तिशीत बंद केलं तर माणूस दगावू शकतो.

ही तडजोड किती लांब जाऊ शकते याचं जुनं उदाहरण कॅनडातलं आहे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठाच्या वैद्यकीय संग्रहालयात १८९८ साली मॉड ॲबट या डॉक्टर कामाला लागल्या. याच मॅकगिलनं बाई म्हणून त्यांना वैद्यक शाखेत प्रवेश नाकारला होता. पदवी त्यांनी दुसऱ्या कॉलेजातून घेतली आणि मॅकगिलमध्ये आल्या त्या बरण्या सांभाळायला. त्या बरण्यांत त्यांना एक विलक्षण हृदय सापडलं. वरचे दोन्ही कप्पे एकाच खालच्या कप्प्यात उघडत होते. त्यांनी ज्येष्ठ डॉक्टर विल्यम ऑस्लर यांना पत्र लिहून विचारलं. ऑस्लरनी ओळखलं की अँड्र्यू होम्स यांनी १८२४ साली ज्याचं वर्णन छापलं होतं तेच हे हृदय. ते कुणा तान्ह्या बाळाचं नव्हतं. विशी ओलांडलेल्या तरुणाचं होतं. ना शस्त्रक्रिया, ना औषध, आणि खालच्या दोन कप्प्यांचं काम एकटा कप्पा करतो आहे, अशा अवस्थेत त्यानं दोन दशकं काढली होती. अशा हृदयात फुप्फुसांकडची वाट नेमकी हवी तेवढीच अरुंद असली, तर फुप्फुसांत रक्ताचा पूर येत नाही आणि ती कोरडीही पडत नाहीत. एका दोषाला दुसरा दोष सावरून घेतो.

ॲबटबाईंनी मग आयुष्य याच कामाला वाहिलं. १९३६ साली त्यांचा जन्मजात हृदयविकारांचा ॲटलास निघाला, तो एक हजार रुग्णांच्या नोंदींवर उभा होता. मेक्सिको सिटीच्या हृदयरोग संस्थेत दिएगो रिवेरानं हृदयविज्ञानाच्या इतिहासाचं जे भव्य भित्तिचित्र रंगवलं, त्यात त्यांना जागा मिळाली. मॅकगिलनं काय दिलं, ते जाऊ द्या.

आता प्रत्यक्ष दोषांकडे येतो. पहिला महाधमनीच्या आकुंचनाचा. महाधमनी हृदयातून निघून वर जाते, वळते, डोक्याला आणि दोन्ही हातांना फांद्या देते आणि पोटाकडे उतरते. डाव्या हाताची फांदी फुटल्यानंतर लगेचच ती काही जणांत जन्मतः अरुंद असते. आपल्याकडे कालव्याचं पाणी ज्यांनी पाहिलं आहे त्यांना वेगळं समजवायला नको. मधेच कालवा आवळला तर वरच्या अंगाच्या शेतांत पाणी तुंबतं आणि टेलच्या शेतकऱ्याच्या वाट्याला धार येते. इथेही तसंच होतं. हातांतलं बीपी भरमसाट, पायांतलं कमी. मग रक्त आडवाटा शोधतं. छातीच्या आतल्या बाजूच्या आणि फासळ्यांच्या खालून जाणाऱ्या बारीक धमन्या वर्षानुवर्षं फुगत जातात आणि अरुंद जागा टाळून रक्त खाली पोहोचवतात. त्या इतक्या फुगतात की फासळ्यांच्या खालच्या कडा झिजून खाचा पडतात. छातीच्या साध्या एक्स-रेत त्या दिसतात, बघणाऱ्याची नजर हवी.

असा तरुण डॉक्टरकडे येतो तो बहुतेक वेळा नोकरीच्या फिटनेस सर्टिफिकेटसाठी. वय अठ्ठावीस, बीपी १८० वर. घरचे म्हणतात मोबाइल, जागरण, टेन्शन. डॉक्टर गोळी लिहून देतात. बीपी उतरत नाही म्हणून दुसरी गोळी, मग तिसरी. या सगळ्यात जांघेतली नाडी कुणी बघत नाही. एक हात मनगटावर आणि एक जांघेत ठेवला की कळतं. दोन्ही ठोके एकदम यायला हवेत, इथे जांघेतला उशिरा येतो, दुबळा येतो किंवा सापडतच नाही. याला मिनिटभर लागतं आणि पैसा एक लागत नाही. माझं मत विचाराल तर चाळिशीच्या आत बीपी वाढलेल्या प्रत्येक माणसाचं पायातलं बीपी एकदा तरी मोजलं पाहिजे, आणि ते केल्याशिवाय दुसरी गोळी लिहू नये. उपचाराविना या माणसांचं आयुष्य सरासरी पस्तिशीच्या आसपास संपायचं, मेंदूतल्या रक्तस्रावानं, महाधमनी फुटून किंवा हृदय थकून. स्टॉकहोममध्ये क्लॅरेन्स क्राफूर्ड यांनी १९४४ साली अरुंद तुकडा कापून दोन टोकं जोडून दाखवली. आज बहुतेक प्रौढांत जांघेतून नळी नेऊन तिथे स्टेंट बसवता येतो.

आपल्याकडच्या डॉक्टरला मात्र एक जादा विचार करावा लागतो. तरुण बाईच्या एका अंगाची नाडी लागत नाही म्हणजे जन्मदोषच असेल असं नाही. महाधमनीच्या भिंतीला सूज येऊन ती अरुंद होण्याचा आजार आशियात जास्त आढळतो. मुंबईच्या केईएममध्ये प्रफुल्लकुमार सेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ साली महाधमनीच्या मधल्या भागाच्या अशा आकुंचनावर लिहिलेला निबंध आजही वाचावा असा आहे. सेन यांचं नाव आपल्याला १९६८ च्या हृदयरोपणामुळे माहीत असतं. मला त्यांचं हे काम जास्त मोलाचं वाटतं.

आणि तडजोडीची किंमत इथेही असते. वीस-पंचवीस वर्षं जादा दाब सोसलेल्या हाताकडच्या धमन्या कडक झालेल्या असतात. अडथळा निघाला तरी बऱ्याच जणांचं बीपी पूर्ण खाली येत नाही. 'ऑपरेशन झालं, आता गोळी कशाला' असं म्हणून जो परत येत नाही, तो पुन्हा धोक्यात जातो.

दुसरा दोष पडद्याचा. हृदयाच्या वरच्या दोन कप्प्यांमधल्या पडद्याला छिद्र, लोक ज्याला 'हार्टला होल' म्हणतात, ते काही दुर्मीळ नाही. पण त्याचा एक प्रकार दुर्मीळ आहे आणि चकवणारा आहे. सायनस व्हिनोसस त्याचं नाव. इथे छिद्र पडद्याच्या मधोमध नसतं. शरीराच्या वरच्या भागातलं अशुद्ध रक्त आणणारी मोठी शीर हृदयाला मिळते, त्या वरच्या कोपऱ्यात ते असतं आणि बहुधा उजव्या फुप्फुसाची शुद्ध रक्ताची एखादी शीरही तिथेच चुकीच्या बाजूला येऊन मिळालेली असते. पडद्याच्या अशा छिद्रांत याचं प्रमाण शंभरात पाच ते दहा. छातीवर प्रोब फिरवून करतात त्या नेहमीच्या टू-डी इकोत मोठ्या माणसाचा हा कोपरा नीट दिसत नाही.

चाळिशी-पंचेचाळिशीतली बाई येते. दम लागतो, छातीत धडधडतं. तोवर तिचं बरंच काही करून झालेलं असतं. रक्त कमी म्हणून लोहाच्या गोळ्या. दमा म्हणून पंप. वजन कमी करा. पाळी जायचं वय आहे, होतं असं. मी विचारतो, दम कधीपासून लागतो? उत्तर येतं, "पहिल्यापासूनच." शाळेत खो-खो खेळायचात का? "मला कुणी घ्यायचंच नाही टीममध्ये." बाळंतपणात? "तेव्हा पाय सुजले होते, सगळ्यांचेच सुजतात म्हणाले." ती काही लपवत नव्हती. तिला दम लागल्याशिवायचं आयुष्य माहीतच नव्हतं, त्यामुळे तक्रार करावी असं त्यात तिला काही वाटलं नव्हतं. कवायतीच्या तासाला मागे रेंगाळणाऱ्या मुलीला 'आळशी' म्हणायच्या आधी एकदा डॉक्टरला दाखवा, असं मी व्यायामशिक्षकांना नेहमी सांगतो. ती मुलगी रोज त्यांच्या डोळ्यांसमोर पळत असते, आमच्यापर्यंत ती पंचवीस-तीस वर्षांनी येते.

तिच्या पिशवीत बहुधा एक जुना इको रिपोर्ट असतो. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरांत 'नॉर्मल', आणि आत कुठेतरी एक ओळ, उजव्या बाजूचे कप्पे किंचित मोठे. सगळा आजार त्या ओळीत असतो. उजवी बाजू मोठी आहे आणि कारण सापडत नाही, अशा वेळी फाइल बंद करायची नसते. अन्ननलिकेतून इको करायचा, सीटी किंवा एमआरआय करायचा, आणि फुप्फुसाच्या चारही शिरा कुठे जाऊन मिळतात हे मोजून घ्यायचं. त्याआधी कानाला स्टेथोस्कोप लावायचा. हृदयाच्या दुसऱ्या ठोक्याचे दोन भाग असतात, निरोगी माणसानं श्वास आत घेतला की ते लांबतात, सोडला की जवळ येतात. पडद्याला मोठं छिद्र असेल तर दोन भागांतलं अंतर श्वासाला दादच देत नाही. हे मी विद्यार्थ्यांना ऐकायला लावतो तेव्हा काही जण मोबाइलवर इकोची अपॉइंटमेंट घेत असतात. इको वाईट नाही. १९५३ साली स्वीडनमधल्या लुंड गावी एडलर आणि हर्ट्झ या दोघांनी, धातूतले तडे शोधायला वापरतात तसलं यंत्र माल्मोच्या जहाजगोदीतून आणून त्यानं पहिल्यांदा हृदयाचा प्रतिध्वनी टिपला, तेव्हापासून आमचं शास्त्र बदललं. फक्त ज्या प्रश्नाचं उत्तर हवं तो प्रश्न इको करणाऱ्याला कुणीतरी सांगावा लागतो. हेल्थ चेकअपच्या पॅकेजमध्ये तो प्रश्न कुणी विचारत नाही, म्हणून 'पॅकेजमध्ये सगळं नॉर्मल आलंय' या वाक्यावर माझा फारसा विश्वास नाही.

मग प्रश्न येतो, छिद्र जन्मापासूनचं, तर त्रास चाळिशीतच का वाढला? छिद्र तेवढंच राहिलेलं असतं. वयानं आणि बीपीनं हृदयाची डावी बाजू ताठर होत जाते. तिकडे शिरायला रक्ताला जोर लागतो, मग ते छिद्रातून उजवीकडे जास्त जातं. वरचे कप्पे ताणले जाऊन त्यांची लय बिघडते, तीच ती धडधड. ज्या हृदय-फुप्फुस यंत्रामुळे उघड्या हृदयावर शस्त्रक्रिया शक्य झाली, त्याचा पहिला यशस्वी उपयोग फिलाडेल्फियात ६ मे १९५३ रोजी जॉन गिबन यांनी केला, तो अठरा वर्षांच्या मुलीचं असंच पडद्याचं छिद्र बंद करण्यासाठी. यंत्रानं तेव्हा २६ मिनिटं हृदय आणि फुप्फुसांचं काम सांभाळलं. आता साधी छिद्रं जांघेतून नळीनं नेलेल्या छत्रीसारख्या डिव्हाइसनं बंद होतात. सायनस व्हिनोससला मात्र त्या डिव्हाइसला धरायला कडच नसते, म्हणून बहुतेकांना शस्त्रक्रियाच लागते. ती पंचेचाळिशीतही करावी, फायदा होतो. पण ताणलेल्या कप्प्यांची लय नंतरही बिघडू शकते, हे आधीच सांगावं.

तिसरा दोष, अगदी विरळा. जन्मजात हृदयविकारांत शंभरात एकाहून कमी. १८७५ साली व्हिएन्नाच्या रोकितान्स्की यांनी त्याचं वर्णन केलं. यात हृदयाचे खालचे दोन कप्पे उजवे-डावे बदललेले असतात आणि त्यांच्यातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्याही बदललेल्या असतात. एवढी उलथापालथ होऊनही शुद्ध रक्त शरीराकडे जातं आणि अशुद्ध रक्त फुप्फुसांकडे. दोन चुका एकमेकींना फेडतात. सोबत दुसरा दोष नसेल तर मूल निळं पडत नाही, दमत नाही, क्रिकेट खेळतं. फक्त एक हिशेब थकीत राहतो. फुप्फुसांना रक्त पुरवण्यासाठी घडलेला उजवा कप्पा इथे साऱ्या शरीराला रक्त पुरवत असतो. तिशी-चाळिशीनंतर तो थकायला लागतो, त्याची झडप गळायला लागते. शिवाय विजेच्या संदेशाची वाट या हृदयात कमजोर असते. दर वर्षी शंभरातल्या साधारण दोघांत वरच्या आणि खालच्या कप्प्यांचा संपर्क पूर्ण तुटतो. नाडी चाळिशीवर येते आणि पेसमेकर लागतो. तो बसवतानाच 'हृदय उलटं दिसतंय' असं कळलेली माणसं आहेत.

याच माणसाच्या ईसीजीत असे खळगे दिसतात की वाटावं, पूर्वी हार्ट अटॅक येऊन गेला आहे. मग अँजिओग्राफी होते, धमन्या स्वच्छ निघतात, 'अटॅक'च्या गोळ्या तरी चालू राहतात. मूळ घडणीकडे लक्ष जायला वर्षं जातात.

आणि निदान झाल्यावर काय? लहान मुलात दोन्ही अदलाबदली पुन्हा उलटवणारी मोठी शस्त्रक्रिया करता येते. मोठ्या माणसात ती सहसा करत नाहीत. त्याचा डावा कप्पा इतकी वर्षं फक्त फुप्फुसांच्या हलक्या कामावर राहून पातळ झालेला असतो. त्याच्यावर एकाएकी सगळ्या शरीराचा भार टाकला तर तो कोसळेल. म्हणून बरेचदा आम्ही म्हणतो, आत्ता काही करायचं नाही, सहा महिन्यांनी या, झडप बघू, लय बघू. रुग्णाला हे पटत नाही. एवढा मोठा दोष आणि डॉक्टर काही करत नाही म्हणजे काय! दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. जावं, त्यात गैर काही नाही. फक्त जिथे जाईल तिथल्या माणसानं असं हृदय आधी पाहिलेलं असावं.

एब्स्टाइनचा दोष थोडक्यात सांगतो. उजवीकडची झडप तिच्या जागी न बसता खाली कप्प्यात घसरलेली असते. १८६६ साली ब्रेसलाउमध्ये, म्हणजे आजच्या पोलंडमधल्या व्रोत्सवाफमध्ये, विल्हेल्म एब्स्टाइन यांनी एकोणीस वर्षांच्या मजुराच्या शवविच्छेदनात तो पाहिला. जिवंत माणसात हे निदान व्हायला विसावं शतक निम्मं सरावं लागलं. आज सौम्य एब्स्टाइन पन्नाशीतही सापडतो, बहुधा अचानक सुटणाऱ्या जलद धडधडीमुळे, कारण या हृदयांत विजेच्या जादा चोरवाटा असतात. ब्राझीलच्या जोसे दा सिल्व्हा यांनी १९९३ पासून ती झडप शंकूच्या आकारात पुन्हा घडवायची पद्धत रूढ केली. कृत्रिम झडपेची गरज तिनं पुष्कळ कमी केली.

आता तडजोडीचा सर्वांत कठोर प्रकार. खालच्या दोन कप्प्यांमधल्या भिंतीला मोठं छिद्र असेल आणि लहानपणी ते बंद झालं नाही, तर फुप्फुसांत वर्षानुवर्षं जास्त दाबानं जास्त रक्त जातं. त्या माऱ्यापुढे फुप्फुसांच्या बारीक धमन्या जाड आणि अरुंद होत जातात. काही काळ त्यामुळे बरंही वाटतं, रक्ताचा पूर ओसरतो, मूल सुधारलं असं घरच्यांना वाटतं. पण दाब वाढतच राहतो आणि एक वेळ अशी येते की रक्त छिद्रातून उलट दिशेला, अशुद्ध बाजूकडून शुद्ध बाजूकडे जायला लागतं. ओठ आणि नखं निळसर होतात. व्हिएन्नाच्या व्हिक्टर आयझेनमेंगर यांनी १८९७ साली बत्तीस वर्षांच्या अशा एका माणसाची हकिकत छापली. तो खोकल्यातून रक्त जाऊन गेला. लंडनचे पॉल वुड यांनी १९५८ साली या सगळ्या अवस्थेला आयझेनमेंगरचं नाव दिलं आणि ठासून सांगितलं की इथवर पोहोचल्यावर छिद्र बंद करू नका. फुप्फुसांच्या धमन्या बंद झाल्यावर उजव्या कप्प्याला दाब सोडायला ते छिद्र हीच एक वाट उरलेली असते.

मुंबईला ही गोष्ट मधुबालेमुळे माहीत असायला हवी. तिच्या हृदयाच्या खालच्या पडद्याला छिद्र आहे हे १९५४ साली मद्रासला 'बहुत दिन हुए'च्या चित्रीकरणाच्या वेळी तिला रक्ताची उलटी झाली तेव्हा कळलं. ती एकवीस वर्षांची होती. त्याच वर्षी, २६ मार्चला, अमेरिकेत मिनियापोलिसला वॉल्टन लिलेहाय यांनी असं छिद्र पहिल्यांदा शस्त्रक्रियेनं बंद केलं. एका तान्ह्या मुलाचं रक्ताभिसरण त्याच्या वडिलांच्या रक्ताभिसरणाला जोडून त्यांनी ते साधलं. तो मुलगा पुढे न्यूमोनियानं गेला, पण वाट उघडली. मधुबालेसाठी मात्र ती वाट उशिरा उघडली होती. 'मुगल-ए-आझम' १९६० च्या ऑगस्टमध्ये लागला, त्याच सुमाराला तिला लंडनला नेलं आणि तिथल्या डॉक्टरांनी शस्त्रक्रियेला नकार दिला. २३ फेब्रुवारी १९६९ रोजी, छत्तिसाव्या वर्षी ती गेली. तोंडातून येणारं रक्त आणि लंडनचा नकार एकत्र ठेवले की हे आयझेनमेंगरच असणार, असं माझं अनुमान आहे. तिच्यावर हळहळणारे लेख दर फेब्रुवारीत छापून येतात. 'ऑपरेशन केलं असतं तर वाचली असती' असं त्यांत लिहिलेलं असतं, ते वाचून मी वैतागतो. नकार देणाऱ्यांनी त्या वेळी योग्य तेच केलं.

आज या रुग्णांसाठी फुप्फुसांच्या धमन्या सैल करणारी औषधं आहेत, बोसेंटान, सिल्डेनाफिल, टॅडालाफिल. आजार त्यानं जात नाही, चालणं वाढतं, वर्षंही वाढतात. उलट्या-जुलाबांत अंगातलं पाणी कमी होऊ द्यायचं नाही, आणि गर्भ राहू द्यायचा नाही. शेवटची गोष्ट सांगणं सर्वांत अवघड. पूर्वीच्या नोंदींमध्ये अशा गर्भारपणात दोन-तीन बायकांमागे एक दगावलेली दिसते. सासरचे समोर बसलेले असतात. मी त्यांना बाहेर थांबायला सांगतो आणि तिच्याशी एकटीशी बोलतो.

खेळाडूंच्या हृदयाबद्दल प्रश्न येतातच, म्हणून एक उदाहरण. अमेरिकेतला बास्केटबॉलपटू पीट मॅराविच तिथल्या व्यावसायिक लीगमध्ये दहा हंगाम खेळला. ५ जानेवारी १९८८ रोजी, चाळिसाव्या वर्षी, कॅलिफोर्नियातल्या पॅसाडीनात मित्रांबरोबर सहज खेळताना कोसळला. शवविच्छेदनात दिसलं की हृदयाला रक्त पुरवणाऱ्या दोन मुख्य धमन्यांपैकी डावी त्याला जन्मतःच नव्हती. सगळं हृदय उजव्या धमनीवर चाललं होतं. इतक्या मोठ्या खेळाडूच्या बाबतीत हे कुणाच्या लक्षात आलं नाही, कारण अशा दोषात ईसीजीही पुष्कळदा साधाच दिसतो. पळताना छातीत दुखणं किंवा शुद्ध हरपणं ही तरुणात कधीच 'उन्हामुळे' म्हणून सोडून द्यायची गोष्ट नाही, एवढं त्यातून घ्यावं.

ही माणसं सापडल्यावर त्यांनी जायचं कुठे, हा प्रश्न उरतो आणि माझी खरी तक्रार इथे आहे. बालहृदयरोगतज्ज्ञाला दोष कळतो, पण मोठ्या माणसाचा मधुमेह, बीपी, बाळंतपण त्याच्या रोजच्या कामातलं नसतं. मोठ्यांच्या हृदयरोगतज्ज्ञाचा दिवस अटॅक आणि अँजिओप्लास्टीत जातो. पॉल वुड यांच्या शिष्या जेन सोमरव्हिल यांनी लंडनच्या नॅशनल हार्ट हॉस्पिटलमध्ये १९७५ साली अशा मोठ्या झालेल्या रुग्णांसाठी वेगळा वॉर्ड उघडला, तेव्हा सहकाऱ्यांना ते जादाचं वाटलं होतं. आज कॅनडातल्या क्वेबेक प्रांताच्या नोंदींत जन्मजात हृदयविकार असलेल्यांतले दोन तृतीयांश लोक प्रौढ आहेत. आपल्याकडे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये सुरू झाला, तो आपल्याच पालघरमध्ये. अंगणवाडीत आणि शाळेत जाऊन मुलांचं हृदय तपासणारी पथकं त्यातून आली, हजारो मुलांच्या शस्त्रक्रिया झाल्या. काम चांगलं आहे. पण त्याची हद्द अठराव्या वर्षाला संपते. ज्याची शस्त्रक्रिया आठव्या वर्षी झाली तो एकोणिसाव्या वर्षी कुणाचाच रुग्ण राहत नाही, आणि ज्याचा दोष अठराव्या वर्षापर्यंत कुणाला दिसला नाही तो कोणत्याच यादीत येत नाही. मोठ्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांत आठवड्यातून एक दिवस या प्रौढांसाठी स्वतंत्र ओपीडी ठेवायला नवीन इमारत लागत नाही. दोन तज्ज्ञ एका टेबलावर बसायला हवेत.

घरातही अडचण असतेच. मुलीला असं काही सापडलं की स्थळं बघण्याआधी फाइल कपाटात जाते. मी आई-वडिलांना म्हणतो, फाइल लपवली तर पहिल्या गर्भारपणात ती डॉक्टरला कोण दाखवणार? बहुतेक दुरुस्त झालेल्या छिद्रांच्या बाबतीत संसार, नोकरी, मूल सगळं होऊ शकतं. जिथे होऊ शकत नाही तिथे ते आधी कळलेलं बरं.

आणि मग शेवटी विचारतात, आमच्या मुलांना होईल का? आई किंवा बापाला असा दोष असेल तर मुलात तो येण्याची शक्यता दोषानुसार बदलते, साधारण शंभरात तीन ते पाच धरावी. म्हणजे शंभरात पंचाण्णव किंवा त्याहून जास्त मुलं निरोगी. गर्भाच्या हृदयाचा इको अठराव्या ते बाविसाव्या आठवड्यात करून घ्यावा. महाधमनीची झडप तीनऐवजी दोनच पाकळ्यांची असणं हा सर्वांत जास्त आढळणारा जन्मदोष, शंभर माणसांत एका-दोघांना असतो (सुरुवातीच्या हजारी आठ-नऊच्या अंदाजात तो धरलेला नाही) आणि महाधमनीच्या आकुंचनासोबत तर पुष्कळदा असतो. तो घराण्यात फिरतो. तो एकात सापडला की भाऊ-बहिणी आणि मुलं, सगळ्यांचा इको करावा. आणि आई-वडिलांचाही करावा. ते 'या वयात आम्हाला काय होतंय' म्हणतात. पण मुलाची झडप पस्तिशीत सापडते आणि मग बापाची सत्तरीत, असंही घडतं.